उखाण्याला आक्षेप

आयुष्यभर काय काम केलं, असं कोणी विचारलं की मी ‘कम्प्युटरमध्ये होतो’ एवढं सांगून मोकळा होतो. पुढचा माणूस लगेच आपला बिघडलेला मोबाइल पुढे करतो. त्याला काय सांगणार, की बाबा रे, मी कम्प्युटरमध्ये होतो तेव्हा जळगावात परगावी फोन लावायचा तर एसटीडी बूथपुढे रांग लावायला लागायची. आणि माझं काम दुरुस्तीचं नव्हतंच. मी दुसऱ्यांच्या लिहिण्यातल्या खोड्या पकडणारा एक फौजदार बनवला होता. तो फौजदार बऱ्याचदा भलत्यालाच पकडायचा. चोर सोडून संन्याशाला सुळी, अशातला प्रकार. त्या संन्याशांना सोडवून आणणं हा माझा धंदा, आणि त्यावर माझा संसार चालला.

जरा समजावून सांगतो. प्रोग्राम म्हणजे यंत्राला दिलेले हुकूम. त्या हुकमांच्या मधेमधे माणसांसाठी चार शब्द लिहून ठेवायची सोय असते. ‘इथे व्याज काढलं’, ‘हे गणित बदलू नका, फार त्रासाने जुळलंय’, असं. त्याला कमेंट म्हणतात, आम्ही शेरा म्हणायचो. यंत्र शेऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही, त्यामुळे लिहिणारा तिथे मोकाट सुटतो.

आमचं ऑफिस नवी पेठेत, पहिल्या मजल्यावर. मालक नाना. रावेरकडचे केळीचे व्यापारी. नव्वदच्या आसपास त्यांच्या डोक्यात आलं की केळी दोन दिवसांत काळी पडतात, कम्प्युटर पडत नाही. झालं, तीन मशीन आली, एक एसी आला, आणि धुळ्याहून मी आलो. नानांनी कीबोर्डला कधी बोट लावलं नाही. दसऱ्याला मात्र प्रत्येक मशीनला झेंडूची माळ घालून पेढा ठेवायचे, आणि मग आठवडाभर मुंग्या.

पुण्याची एक कंपनी आम्हाला पतपेढ्यांचे प्रोग्राम लिहायला द्यायची. आमच्यातल्या युवराजने एकदा शेऱ्यात लिहिलं, ‘चेअरमनला टक्केवारी कळत नाही म्हणून हेच गणित दोनदा केलंय.’ त्याला वाटलं कोण वाचतंय. पुण्याहून कोणीतरी सगळा प्रोग्राम छापून, पुठ्ठा बांधून, भेट म्हणून त्याच चेअरमनच्या हातात दिला. वर शेऱ्यात जुने, टाकाऊ हुकूम दडवून ठेवायची सगळ्यांना खोड. माळ्यावर मोडकी सायकल ठेवतात तसं, लागलं तर असू द्यावं म्हणून. आणि तिसरी गोष्ट म्हणजे ऑफिसात दोन सुनील पाटील. खान्देशात दगड मारला तर पाटलाला लागतो, तर दोन म्हणजे कमीच. पण चूक एकाची आणि शिव्या दुसऱ्याला, असं सुरू झालं.

शेवटी पुण्याच्या दीक्षित साहेबांनी फर्मान काढलं. प्रत्येक प्रोग्रामच्या डोक्यावर लिहिणाऱ्याचं पूर्ण नाव हवं. स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. शेऱ्यात टाकाऊ हुकूम नकोत, टवाळी नको. आणि हे सगळं तपासायचं यंत्राने, माणसाने नाही, कारण माणसं एकमेकांना सांभाळून घेतात. ते तपासणारं यंत्र मी लिहिलं. पोरांनी त्याचं नाव फौजदार ठेवलं. प्रोग्राम त्याच्यापुढे ठेवला की तो शेरे वाचायचा आणि शेवटी किती आक्षेप ते सांगायचा. ‘आक्षेप शून्य’ आलं तरच फ्लॉपी पुण्याच्या गाडीत बसायची. दीक्षित साहेबांकडेही हाच फौजदार होता, आणि त्यांना विचारल्याशिवाय त्यात काही बदलायचं नाही असा करार होता.

पहिल्याच दिवशी फौजदाराने देवाला धरलं.

आमच्याकडे वहीच्या पहिल्या पानावर श्री लिहिल्याशिवाय कोणी शाई उतरवत नाही, तर प्रोग्रामला तरी का सोडतील? सगळ्यांच्या फायलींवर दोन उभ्या रेघा, श्री, पुन्हा दोन उभ्या रेघा. आता त्या दोन उभ्या रेघा आमच्या यंत्राच्या भाषेतला एक हुकूमही होता. फौजदार ओरडला, शेऱ्यात हुकूम दडवलाय! एकूण एक फाइल नापास. नाना टोपी काढून मशीनसमोर उभे राहिले.

“वसंतभाऊ, देवाच्या नावाले आक्षेप? अरे भो, या मशीनले पेढा ठेवला होता ना मी?”

मी दुरुस्ती केली. पहिल्या ओळीत दोन रेघांच्या मध्ये जे असेल त्याला हात लावायचा नाही, असं फौजदाराला बजावलं. दीक्षित साहेबांनीही मान्य केलं. आठवड्याभरात युवराजच्या लक्षात आलं की त्या रेघांच्या मध्ये काहीही लपवता येतं. त्याने पाच जुने हुकूम श्रींच्या आड नेऊन बसवले. देवळात लपलेल्या चोराला बाहेर काढायला मला पुन्हा दोन दिवस लागले.

मग वांग्याचं प्रकरण. दुसऱ्या, म्हणजे उंच सुनील पाटलाने भरीत पार्टीचा हिशोब शेऱ्यातच लिहून ठेवला. वांगी बरोबर दहा किलो, मिरची बरोबर एक किलो, प्रत्येकापुढे यंत्राच्या सवयीने बरोबरची खूण आणि शेवटी अर्धविराम. फौजदार म्हणाला, हा हुकूमच आहे. सुनील म्हणाला, हे भरीत आहे. वाद वाढला. खरा न्याय करायचा म्हणून आम्ही ती ओळ शेऱ्यातून बाहेर काढली आणि यंत्राला चालवायला दिली. यंत्राने चूक दाखवली: वांगी म्हणजे काय ते मला माहीत नाही.

“जळगावात राहतंय अन् वांगं माहीत नाही!” नाना म्हणाले. “पुण्याहून आणलेलं मशीन, दुसरं काय होणार.” सुनील निर्दोष सुटला आणि पार्टी त्याच्याच शेतात झाली.

असल्या खोट्या बोंबा मी रोज निस्तरायचो आणि मनातून खूशही असायचो. नियम बनवणाऱ्याला वाटतं आपण सगळ्याचा विचार केलाय. मग माणसं येतात, आपापला श्री घेऊन, आपापलं वांगं घेऊन. पण सुनंदाने मला जे कोडं घातलं तसं त्यानंतर कोणी घातलं नाही.

सुनंदा शिरपूरची. आमच्याकडे तिच्या तोडीचा प्रोग्राम लिहिणारं कोणी नव्हतं, माझ्यासकट. लग्नाआधी तिच्या फायलींवर स्वतःचं, वडिलांचं नाव आणि आडनाव अगदी ठसठशीत असायचं. मग तिचं लग्न झालं. मुलाचं जळगावातच मोटार रिवाइंडिंगचं दुकान, घर भडगावचं. लग्नानंतर नोकरी करीन, असं तिने बघायला आले तेव्हाच सांगितलं होतं. सासरच्यांनी ‘बघू’ म्हटलं होतं, आणि ते ‘बघू’ अजून तसंच लोंबकळत होतं.

रजेवरून आल्यावर तिने पहिली फाइल दिली. फौजदार म्हणाला, नाव अपूर्ण. बघतो तर मधली जागा रिकामी.

“सुनंदाताई, मिस्टरांचं नाव राहिलं.”

“राहिलं नाही भाऊ. मी घेत नाही.”

“घेऊ नका. लिहा फक्त.”

“लिहिणं म्हणजे घेणंच झालं.”

मी म्हटलं, वडिलांचं ठेवा. तर ती म्हणाली, लग्नाला महिना नाही झाला अन् बापाचं नाव लावलं, तर लोक म्हणतील पोरगी परत आली. युवराजने मदत म्हणून हळूच तिच्या फायलीत नवऱ्याचं नाव टाकून दिलं. ते तिने खोडलं, आणि माझ्या नवऱ्याचं नाव माझ्यापुढे दुसऱ्याने का लावायचं, म्हणून त्यालाच फैलावर घेतलं. मग तिने स्वतःच तोड काढली. फौजदारापुढे फाइल गेली, आक्षेप शून्य, फ्लॉपी पुण्याला रवाना. तिसऱ्या दिवशी बूथवाल्याचा निरोप आला की पुण्याचा फोन आहे. दीक्षित साहेब लाइनवर.

“तुमच्याकडे ‘सुनंदा अहो पाटील’ म्हणून कोण आहेत?”

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“हे अहो कोण?”

आता काय सांगणार? अहो म्हणजे अहो. फौजदाराला तीन शब्द मिळाले होते, त्याचं काम झालं होतं. पण साहेब तापले. नाव म्हणजे नाव, ते म्हणाले. शनिवारच्या संध्याकाळच्या गाडीने पूर्ण नावासकट फ्लॉपी आली नाही तर पुढचं सगळं काम नाशिककडे जाईल.

काम नाशिकला जाणं म्हणजे काय, ते नानांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. एसीची खोली तयारच होती. मशीन विकायची आणि त्या खोलीत केळी पिकवायची. ते वाईट मनाने बोलत नव्हते, व्यापारी माणूस. पण मग सुनंदाला त्या वेळच्या जळगावात दुसरी असली नोकरी कुठे मिळणार? आणि घरी बसली की ते ‘बघू’ कायमचं ‘नको’ होणार, हे तिलाही कळत होतं. मला तर रात्रंदिवस ती केळीच दिसायची. फार वाईट वाटायचं, आणि रागही यायचा. राग कोणावर, तर स्वतःच बनवलेल्या फौजदारावर.

शनिवार उजाडला. सुनंदा फाइल उघडायची, मधल्या जागेवर बोट न्यायची आणि परत आणायची. अशातच दुपारी जिन्यावरून नऊवारीतल्या एक ठेंगण्या बाई वर आल्या. एका हातात डबा, दुसऱ्या हातात चपला. कोणीतरी सांगितलं असावं की कम्प्युटरला धूळ चालत नाही. सुनंदा ताडकन उभी राहिली आणि तिने डोक्यावर पदर घेतला. भडगावहून सासूबाई आल्या होत्या, सून कुठे काम करते ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायला. नेमका हाच दिवस!

सासूबाईंनी खोली पाहिली, एसीपुढे हात धरून पाहिला, मग सुनेचे पाणावलेले डोळे पाहिले.

“का व्हयनं वहू? डोयामा पानी काब्र?”

सुनंदाने नुसतं मशीनकडे बोट केलं. शेवटी मीच सगळं सांगितलं. मशीनला नवऱ्याचं नाव हवंय, ताई घेत नाहीत, गाडी संध्याकाळची. मला वाटलं आता बाई म्हणणार, चल घरी. त्या खुर्चीत टेकल्या आणि हसायला लागल्या.

“नाव लेवानं शे ना? मंग त्यामा रडानं काय शे? उखानामा ले!”

“आक्का, मशीनला उखाणा समजत नाही,” मी म्हणालो.

“नही समजत तं शिकाड तिले. तू काय मायना पोटमाइन शिकीसन उना व्हता का?”

आईच्या पोटातून शिकून तर मीही आलो नव्हतो. सुनंदाने डोळे पुसले, बोटं मोडली आणि लिहायला घेतलं. सासूबाई मागून सांगत होत्या. चांदीच्या ताटात केळीचं पान, पानावर साजूक तुपाचा वाफाळता भात, असं सुरू होऊन स्वारी नवऱ्याच्या नावापर्यंत पोचली तोवर ओळ पडद्याबाहेर गेली. पडद्यावर एका ओळीत ऐंशी अक्षरं मावतात आणि नाव एकाच ओळीत हवं, हाही दीक्षित साहेबांचाच नियम.

“मोठा होतोय,” मी म्हणालो.

“तूप काढी टाक,” सासूबाई म्हणाल्या. सुनंदाने तूप काढलं. “ताट बी काढी टाक. पान अन् भात ऱ्हाऊ दे.”

उरलं ते असं:

केळीच्या पानावर भात, भगवानरावांचं नाव घेते, फ्लॉपी जाऊ द्या पुण्यात.

इंग्रजी अक्षरांत, ऐंशीच्या आत, चपखल बसलं. सुनंदाने नाव स्वतः टाइप केलं, एकदाही न अडखळता. फौजदारापुढे ठेवलं. त्याने धडाधड आक्षेप काढले. नावात स्वल्पविराम. नावात फ्लॉपी. नावात भात. नाव फार लांब. लेखकाचं आडनाव पुण्यात.

मी बाह्या सरसावल्या. उखाण्याला एक शिस्त असते, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. ‘नाव घेते’ हे शब्द कुठे ना कुठे येतातच, आणि बहुतेक वेळा त्यांच्या अलीकडे नवरा उभा असतो, राव लावून. मी फौजदाराला सांगितलं: ‘नाव घेते’ दिसलं की थांब, एक पाऊल मागे ये, राव सोडव, उरेल ते मधलं नाव, बाईचं नाव नि आडनाव खालच्या ओळीवर शोध, बाकी पान, भात, ताट, काहीही असो, तोंड उघडायचं नाही. चालवलं. आक्षेप शून्य. युवराजने लगेच म्हशीच्या पाठीवरून सुरू होणारा एक उखाणा रचून त्यात रेडेरावांचं नाव घेतलं. तोही पास झाला. वेळ नव्हता, म्हणून रेडा तसाच राहू दिला.

आता दीक्षित साहेबांची मंजुरी. आमच्या ऑफिसचा फोन महिनाभर मुका होता. सुनंदा, सासूबाई आणि मी खाली बूथवर गेलो. शनिवार, बाजाराचा दिवस, ही रांग! नंबर आला तेव्हा उन्हं कलली होती. मी आत शिरलो. लाइनीत नुसती खरखर.

“साहेब, नाव आहे, पण उखाण्यात आहे!”

“कशात?”

“उखाण्यात! उसाचा उ!”

“म्हणून दाखवा.”

मी पस्तिशीतला माणूस, झुपकेदार मिशा, दोन पोरांचा बाप. डोळे मिटले आणि सगळ्या नवी पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “केळीच्या पानावर भात, भगवानरावांचं नाव घेते, फ्लॉपी जाऊ द्या पुण्यात!”

रांगेतल्या सगळ्या माना बूथकडे वळल्या. मग एकजण म्हणाला, “परत एकदा घ्या भाऊ, मागे नाही आलं ऐकू.” दुसऱ्याने विचारलं, “भगवानराव कोण म्हणायचे?”

“मी शे,” रांगेच्या टोकाकडून आवाज आला.

सुनंदाचे मिस्टर! दुकान बंद करून आईला न्यायला ऑफिसात गेले होते. नानांनी त्यांना खाली पाठवलं होतं. लूनाला टेकून, हाताला ग्रीस, आणि माझ्या मिशांकडे बघतायत. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी आजवर शब्द शोधतोय.

इकडे साहेब म्हणत होते, “अहो, नाव तुम्ही घेताय! उद्या कोणीही कोणाचंही घेईल. लेखिकेने स्वतः म्हणून दाखवलं तर मी मंजूर करतो, नाहीतर नाही.”

मी रिसीव्हर सुनंदापुढे धरला. टाइप करणं वेगळं. इथे भर रस्ता, रांग, सासू, आणि ज्याचं नाव तो दहा पावलांवर उभा. ती पदराशी चाळा करत राहिली. मीटर पळत होतं. सासूबाईंनी बूथचं दार धरून ठेवलं होतं.

“ले वहू. आपला मानूसनं नाव लेवाले लाज कसानी?”

सुनंदाने रिसीव्हर घेतला, मान वर केली आणि खणखणीत आवाजात उखाणा म्हटला. रांगेने टाळ्या वाजवल्या. नेमका ती म्हणत असतानाच केळीने भरलेला एक ट्रक कर्कश हॉर्न देत रांगेच्या टोकाजवळून गेला होता.  मग पुण्याहून आवाज आला, “यमक बरं आहे. मंजूर.” आणि फोन ठेवला. नंतर दीक्षित साहेबांनी तो नियम आपल्या फौजदारातही घातला. शिरपूरपासून भुसावळपर्यंतच्या मुलींनी पुढे आमच्याकडे काम केलं, त्यांच्या फायली उघडल्या की आधी उखाणा वाचायला मिळायचा. आता नवीन यंत्रं म्हणे माणसाचं सगळं समजून घेतात. त्यांना उखाणा समजतो की नाही, मला शंका आहे.

पण त्या संध्याकाळी खरी पंचाईत वेगळीच झाली. भगवानराव रांगेतून पुढे आले.

“काय म्हनली ती? मले ट्रकमुये काहीच ऐकू उनं नही.”

रांग फुटून हसली. “लगीनमा बी तसंच व्हयनं,” ते माझ्याकडे तक्रार करायला लागले. “हिनं नाव लिधं, अन् बँडवालासनी तव्हयच वाजाडं.”

“पुन्हा नाही घेणार,” सुनंदा म्हणाली. “एकदा घेतलं ना.”

मला त्या माणसाची फार दया आली. मी त्यांना वर ऑफिसात नेलं, मशीनसमोर बसवलं आणि सुनंदाची फाइल उघडली. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. ते ग्रीसचं बोट पडद्याला लागू न देता एकेक अक्षर लावत गेले. केळीचं पान झालं, भात झाला. स्वतःच्या नावाशी आले तिथे बराच वेळ थांबले. नाना दारात उभे होते. एरवी एसी चालू असताना दार उघडं राहिलं की ओरडायचे, त्या दिवशी ओरडले नाहीत. सासूबाई म्हणाल्या, पोऱ्या, पुनानी गाडी चुकई. तरी ते हलले नाहीत. पुण्यापर्यंत वाचलं, मग पडद्याच्या तळाशी फौजदाराने काढलेली ओळही वाचली.

सुनंदा फ्लॉपीचं पाकीट छातीशी धरून त्यांच्या खुर्चीमागे उभी होती.

“काही आक्षेप?” तिने विचारलं.

भगवानराव पडद्याकडेच बघत म्हणाले, “शून्य.”